सात नंबरचा सेट

"सात नंबरसाठीच ना?" सुट्या भागांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं आणि मोजून ठेवलेले सहा कपॅसिटर काउंटरवरून पुढे सरकवले. "मागच्या आठवड्यात शेंडेफळ अगदी हेच घेऊन गेलं. मास्तरांचा सेट सुधारायला त्याच्याकडे आहे म्हणे. मी म्हटलं, तुम्ही दोघं मिळूनच करत असाल." "हो, मिळूनच," थोरला म्हणाला. पुडी खिशात टाकून तो रस्त्यावर आला, दहा-वीस पावलं चालला आणि मग त्याला कळलं की आपण हो म्हणालो. एकसष्ट वर्षांच्या माणसाला दुकानदारापुढे खोटं बोलायची गरज काय पडली? मास्तरांचा सेट. शेंडेफळाकडे. सुधारायला. तीनच शब्दगट, पण तो ते पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून पाहत राहिला. एखादी मांडणी तरी कमी झोंबेल, अशी त्याला आशा असावी. त्याची बस समोरून आली, थांबली आणि गेली. तो तिथेच उभा राहिला.

माणसाला जन्माचं नाव एक असतं आणि नोकरीत मिळतं ते दुसरं. गावाबाहेरच्या माळावर जहाजांचे निरोप ऐकणारं केंद्र होतं, तिथल्या दुरुस्तीखोलीत मास्तरांच्या हाताखाली आलेला पहिला पोरगा म्हणून हा थोरला, आणि केंद्र बंद व्हायच्या आधी दोनच वर्षं भरती झालेला म्हणून तो शेंडेफळ. मधले सगळे पांगले, काही गेलेही. ही दोन टोकं तेवढी उरली. केंद्रात बारा रेडिओ सेट होते, प्रत्येक पंचेचाळीस किलोचा, करड्या रंगाचा, पुढे स्टेशन लावायच्या दोन मोठ्या चकत्या आणि आत काचेच्या व्हॉल्व्हची रांग. बारा सेट एकाच कारखान्यातून एकाच वर्षी आलेले, तरी सात नंबरचा वेगळा होता. समुद्रावर वादळ असलं की बाकीच्या अकरांवर नुसती खरखर ऐकू यायची आणि सातवर त्या खरखरीच्या पोटातून एखादं जहाज बारीक आवाजात बोलत असायचं. असं का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर म्हणायचे, "सेट सुधारायचा म्हणजे त्याच्यात काही घालायचं नसतं रे. वयोमानाने त्याने स्वतःहून जो आवाज जमवलाय, तो काढायचा असतो." सात नंबर उघडला की दिवा धरायला थोरला. स्क्रू काढून बशीत ज्या क्रमाने ठेवायचे त्या क्रमाने ठेवणारा थोरला. एकदा एका कॉइलचा गाभा फिरवताना मास्तरांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता आणि म्हणाले होते, "इथे. आता श्वास सोड." बावीस वर्षांपूर्वी केंद्र बंद झालं, सेट भंगारात निघाले, तेव्हा सात मास्तरांनी घरी नेला आणि थोरल्याने चार. आजचे कपॅसिटर त्या चारसाठीच होते. चार नंबरही काही वाईट नव्हता. पण वाईट नसणं म्हणजे काय असतं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं.

घरी बायको भाजी निवडत होती. त्याने काही सांगितलं नाही, पण सदतीस वर्षांच्या संसारात न सांगितलेलंच आधी ऐकू येतं. तिने दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं आणि हसायला लागली. "अहो, मी इतकी वर्षं वाट बघतेय, कधी माझ्यावरून असं तोंड करून बसाल म्हणून!" मग त्याचा चेहरा बघून जरा नरमली. "म्हातारा माणूस आहे. शेंडेफळ जवळ राहतो, गाडी आहे त्याच्याकडे. सांगितलं असेल त्याला." "मी दोन बस बदलून जातो तिथे. चंद्रावर राहत नाही." "मग फोन करून विचारा की सरळ. हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्याने फोन केला. बराच वेळ घंटा वाजली. मास्तरांचा आवाज आला, मोठा, जरा घाईचा. थोरल्याने इकडचं तिकडचं काही न बोलता विचारून टाकलं, "मास्तर, सेट माझ्याकडे का नाही दिलात?" मग मास्तर म्हणाले, "हो, हो, सगळं ठीक आहे. तू बरा आहेस ना? बरं, ठेवू मग?" आणि ठेवलाच. थोरला हातात फोन घेऊन बसून राहिला. प्रश्नाला बगल देणं त्याने आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, पण इतकी उघड बगल कुणी दिली नव्हती. खोटं कारणसुद्धा द्यावंसं वाटलं नाही त्यांना.

रात्री जेवताना आणि जेवून झाल्यावर त्याला आठवत राहिलं ते मास्तरांचं नव्हतंच. वडील रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात दाढी करायचे आणि समोर आरसा धरायला धाकट्या भावाला बसवायचे. धाकट्याचे हात हलायचे, आरसा वाकडा व्हायचा, वडील "सरळ, सरळ" म्हणायचे आणि गालावर फेस तसाच ठेवून हसायचे. थोरल्याचा हात हलला नसता. त्याने तसं सांगितलंही होतं एकदा, "बाबा, मी धरतो, माझा हात हलत नाही." "तू अभ्यास कर," वडील म्हणाले होते. त्याने अभ्यास केला. धाकट्याशी त्याचं पुढे कधी भांडण झालं नाही, की आयुष्यात कधी मनापासून बोलणंही झालं नाही. जे नीट धरतात त्यांना धरायला देत नाहीत, असा काहीतरी जगाचा नियम असावा, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता तो नियम सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं आणि त्यात एक कडवट समाधानही होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो न कळवता शेंडेफळाकडे गेला. शेंडेफळ आता एकोणपन्नास वर्षांचं होतं, पोट सुटलं होतं, मिशी पांढरी झाली होती, तरी दार उघडताच तेच जुनं ओशाळं हसू. टेबलावर सात नंबर. झाकण काढलेला, कुशीवर ठेवलेला. थोरल्याला आपलं माणूस दुसऱ्याच्या घरात अंगावरचे कपडे काढून बसलेलं दिसावं तसं झालं. त्याने चष्मा लावला आणि चूक शोधायला सुरुवात केली. चूक असणारच होती, आणि कोणती असणार हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. ह्या जातीच्या सेटमध्ये मधल्या टप्प्याच्या कॉइल्स एकमेकींपासून किंचित हटवून लावायच्या असतात, एक जरा अलीकडे, एक जरा पलीकडे. म्हणजे माणसाचा आवाज अख्खा आत येतो. नवशिका माणूस मीटरच्या काट्याच्या मोहाला बळी पडतो. प्रत्येक कॉइल फिरवून काटा सगळ्यात वर न्यायचा, आणि किती सुधारला म्हणून खूश व्हायचं. काटा वर जातो आणि आवाज मात्र दाराच्या फटीतून आल्यासारखा चिरका होतो. शेंडेफळाने हेच केलं असणार. थोरल्याने सिग्नल जनरेटर, म्हणजे सेटला तपासणीचा सूर पुरवणारी पेटी, मागितला आणि एकेक टप्पा तपासला. कॉइल्स हटवलेल्या होत्या. अलीकडे, पलीकडे, जिथे हव्यात तिथे. गळके कपॅसिटर बदललेले, पण नवे जुन्यांच्याच रिकाम्या कवचात बसवलेले, वरून बघणाऱ्याला काही पत्ता लागू नये. पहिला व्हॉल्व्ह निवडून लावलेला; दहा-पंधरा तपासून हा घेतला असावा. स्विचचे सगळे कॉन्टॅक्ट स्वच्छ. थोरल्याने हेडफोन कानाला लावला आणि एक दूरचं केंद्र पकडलं. कुणी बाई परक्या भाषेत हवामान वाचत होती. तिच्या मागे काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं, की पान उलटताना तिच्या बोटांचा आवाज आला. चार नंबरवर त्याने बावीस वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं म्हणजे केंद्रात असताना सातवरही नाही. त्याने हेडफोन काढला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चूक सापडली असती तर त्याने शेंडेफळाला जवळ घेतलं असतं, मायेने समजावून सांगितलं असतं.

"ह्याला झालंय काय पण?" त्याने विचारलं. "मास्तरांना मऊ वाटतो," शेंडेफळ म्हणालं. मऊ म्हणजे जोर कमी झालेला, हा केंद्रातला शब्द. "चार महिने झाले. मी करून नेऊन देतो, ते आठवडाभर ऐकतात, म्हणतात अजून मऊ आहे. मग परत आणतो." "पंचेचाळीस किलो? दोन मजले?" "हळूहळू चढतो." "आणि तुला वाटतो मऊ?" शेंडेफळाने एक फडकं उचललं आणि स्वच्छ असलेली चकती पुसायला घेतली. "मला काय वाटायचंय? मास्तरांना वाटतो ना." "मी नेतो माझ्याकडे. आठ दिवसांत निकाल लावतो." तेव्हा शेंडेफळ पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघून म्हणालं, "राहू दे रे. मी बघतो ना. तू नको ह्यात पडूस." सांगण्यात दम नव्हता, जवळजवळ विनवणी होती, पण थोरल्याने ती विनवणी म्हणून ऐकलीच नाही. त्याला ऐकू आला तो एका मालकाचा आवाज.

परतीच्या दोन्ही बसमध्ये तो हिशेब जुळवत होता आणि हिशेब फारच छान जुळत होता. सेटमध्ये काही दोष नाही. मास्तरांसारख्या माणसाला हे कळत नाही असं होणं शक्य नाही. म्हणजे कळतंय, आणि तरी म्हणतात मऊ आहे. का? तर शेंडेफळ दर आठवड्याला यावं म्हणून. जिना चढून, घाम पुसत, टेकवून, मग दोघांनी बसून चहा प्यावा, मास्तरांनी "बघू काय केलंस" म्हणावं. म्हाताऱ्याला मुलगा नाही. मुलगी दूरच्या शहरात शाळेत शिकवते. म्हाताऱ्याने मुलगा निवडला होता आणि निवडताना थोरल्याला विचारलं नव्हतं. काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात; थोरल्याला ते इतकं स्पष्ट, इतकं सुबक पिवळं दिसत होतं की त्याला त्यात शंका घ्यायला जागाच राहिली नाही. सगळ्यात लागलं ते हे, की मास्तर त्याच्याकडे असं काही मागू शकले असते. त्याने रोज नेला असता तो सेट. पाठीवरून नेला असता.

तीन दिवसांनी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. "दादा, मी रविवारी बाबांकडे येतेय. तुम्ही याल का? खरं सांगू, मला काळजी वाटतेय. शेजारी तक्रार करतात, रेडिओ भिंती हलतील इतका मोठा असतो. दार वाजवलं तरी उघडत नाहीत. गॅसवर भांडं जळालं परवा. मी विचारलं तर म्हणतात, सेट मऊ झालाय म्हणून मोठा करावा लागतो, त्या आवाजात काही ऐकू येत नाही, सेट झाला की सगळं ठीक. पण चार महिने झाले, दादा. रविवारपर्यंत सेटचं काही कळलं नाही, तर मी त्यांना घेऊन जाणार आहे. ह्या वयात एकटं नाही ठेवायचं मला. ते नाही म्हणतात, त्या घरातून निघालो की मी संपलो म्हणतात." थोरल्याने हे सगळं ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि त्यातून त्याने उचललं ते एवढंच, की मुलीने शेंडेफळाला नाही, आपल्याला बोलावलं आहे. "अगदी निश्चिंत राहा ताई," तो म्हणाला. "सेटचा निकाल मी रविवारी तुमच्यासमोर लावतो." आपण मास्तरांचं घर वाचवतो आहोत, असंही त्याला फोन ठेवताना वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. तेही त्या हिशेबात छान बसत होतं: सेट धडधाकट आहे हे मोजून दाखवलं की प्रश्न मिटला, मास्तर इथेच राहणार, आणि शेंडेफळाच्या वाऱ्या बंद.

रविवारी सकाळी दहाला तो जनरेटर आणि मोजणीचं मीटर घेऊन दोन जिने चढला. सात नंबर खिडकीपाशी आपल्या जागी होता. शेंडेफळ आदल्या दिवशीच ठेवून गेलं होतं आणि आताही तिथे एका स्टुलावर बसलं होतं. मास्तर ब्याऐंशी वर्षांचे, बारीक झालेले, पण शर्टाची इस्त्री कडक. त्याला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच हातातल्या पेट्यांकडे नजर गेली. "हे कशाला रे?" "बघतो जरा," थोरला म्हणाला. शेंडेफळ उठून जवळ आलं, हळूच दंडाला धरून म्हणालं, "आज नको. ऐक माझं." थोरल्याने दंड सोडवून घेतला. मुलगी ओढणी सावरत पुढे येऊन बसली. "बघू द्या ना त्यांना," ती म्हणाली.

त्याने काम सुंदर केलं. ते नंतर त्याला आठवायचं आणि आठवू नये असं वाटायचं, पण काम सुंदरच झालं होतं. एकही वायर ओढाताणीने लावली नाही, एकही आकडा घाईने वाचला नाही. लहरींचा एक पट्टा, दुसरा पट्टा, पाचही पट्टे. प्रत्येक आकडा त्याने मोठ्याने सांगितला आणि कारखान्याच्या पुस्तकातला आकडा शेजारी सांगितला, आणि दर वेळी सात नंबर पुस्तकापेक्षा सरस निघाला. मास्तर बाजूला उभे राहून मान हलवत होते, मधूनच हसत होते. "ताई," थोरला म्हणाला, "हा सेट नवा होता तेव्हासुद्धा इतका चांगला नव्हता. चार महिने हा बिचारा उगाच जिने चढतोय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" तो स्वतःच हसला. मुलगी हसली नाही. "म्हणजे रोग दुसरीकडे आहे," ती सावकाश म्हणाली. ते शब्द थोरल्याच्या कानावर पडले, पण हात पुढच्या कामाला लागला होता. शेवटचं दाखवायचं राहिलं होतं, सगळ्यात देखणं. "हे ऐका. एवढासा सिग्नल." त्याने जनरेटर अगदी खाली आणला. खोलीत एक बारीक, स्वच्छ सूर तरळत राहिला. "ऐकलात? आता मी सूर काढून घेतो, आणि मागे सेटचा स्वतःचा आवाज किती कमी आहे ते बघा." त्याने कळ दाबली. सूर थांबला. उरली ती पातळ, दूरची सरसर, जवळजवळ शांतता. त्या शांततेत मास्तर मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून उभे होते. "वा," ते म्हणाले. "येतोय. अगदी स्वच्छ येतोय सूर."

मुलीने मीटरच्या शून्यावर आलेल्या काट्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावर ठरल्याचा भाव होता. शेंडेफळाने मान खाली घातली. मास्तरांनी डोळे उघडले, तीन चेहरे आळीपाळीने पाहिले आणि शेवटी जनरेटरवर, थोरल्याच्या बोटाखाली दाबलेल्या कळेवर त्यांची नजर स्थिरावली. आयुष्यभर त्यांनीच शिकवली होती ती कळ. ते हळूच खुर्चीवर बसले.

"तुझ्याकडे नाही दिला तो एवढ्यासाठीच रे," ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. आता तो का मोठा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. "तू पहिल्याच दिवशी म्हणाला असतास, मास्तर, सेटला काही झालेलं नाही. तुला लपवता येत नाही. कधीच आलं नाही. ह्यालाही कळलं, दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात. पण हा बोलला नाही. नेत राहिला, आणत राहिला." मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "किती दिवसांत निघायचं म्हणतेस?" तिने त्यांच्या गुडघ्यापाशी बसून, तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत उत्तर दिलं. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

थोरला वायरी गुंडाळायला लागला. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पुढे कितीतरी दिवस, अन्न गोड लागू नये इतकी. पण त्या खोलीत, त्या घटकेला, जे आधी आलं ते वेगळंच होतं. चार महिने ह्या दोघांमध्ये एक गोष्ट होती. एकजण जाणून होता, दुसऱ्याला तो जाणून आहे हे ठाऊक होतं, आणि चहा पिताना दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. असं गुपित त्याच्याबरोबर आजवर कुणी राखलं नव्हतं. त्याने शेंडेफळाकडे पाहिलं. ते रडत होतं, मिशी पुसत होतं, आणि मास्तरांचा हात त्याच्या खांद्यावर होता. त्याने दोन्ही पेट्या उचलल्या आणि दाराकडे गेला. "येतो मास्तर," तो म्हणाला. मास्तरांची पाठ त्याच्याकडे होती, आणि त्याने ते दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं नाही.